मार्कंड्याची वाट आणि दोन मुठी

सायकलवर बसलेला माणूस नेमका कशावर बसलेला असतो, असे कोणी विचारले तर आपण हसून ‘सीटवर’ म्हणू. पण हे उत्तर अपुरे आहे. सायकलस्वाराचा भार तीन ठिकाणी वाटलेला असतो: काही सीटवर, काही पायडलवर आणि उरलेला हँडलच्या दोन मुठींवर. सीटबद्दल घरोघर तक्रारी चालतात, तिच्यासाठी मऊ खोळी शिवल्या जातात. पायांचे तर विचारूच नका, सायकलीचे सारे श्रेय तेच लाटतात. मुठी मात्र बिचाऱ्या उपेक्षित. सायकल घेताना टोकाला रबराची जी नळी बसवलेली असेल, तीच झिजून चिकट होईपर्यंत चालायची. ती गळून पडली तर उघड्या लोखंडाला धरून वर्षानुवर्षे सायकल हाकणारे महाभागही काही कमी नाहीत.

आमच्या वडिलांच्या पिढीला ह्या उपेक्षेची शिक्षा फारशी झाली नाही. त्याचे श्रेय त्यांच्या काळ्या सायकलीला. लुधियानाची हिरो असो, सोनपतची ॲटलस असो, की मद्रासकडची हर्क्युलिस असो, तिचे हँडल मागे, स्वाराकडे वळलेले असे. माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसे. सारा भार सीटवर पडे आणि मुठी नुसत्या धरायच्या असत, त्यांच्यावर रेलायचे नसे. १९५१ साली सुरू झालेली ॲटलस २०२० साली आपल्या शेवटच्या कारखान्याला कुलूप लावून बसली, पण तिच्या सायकली खेडोपाडी अजून दुधाच्या किटल्या आणि धानाची पोती वाहत आहेत. त्यांच्यावर बसलेल्या कोणाची बोटे बधिर झाल्याचे मी सहसा ऐकले नाही.

बोटे बधिर होऊ लागली ती सरळ दांड्याच्या हँडलाबरोबर. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन भागात काही तरुणांना जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून भरधाव खाली आणण्याचा नाद लागला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका मातीच्या उताराच्या रस्त्यावर पहिली रीतसर शर्यत लावली. त्या रस्त्याला नाव पडले ‘रिपॅक’. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. ह्या मंडळींनी मोटरसायकलीचे ब्रेक आणि रुंद हँडले सायकलींना जोडली आणि त्यातून पुढे डोंगरी सायकल जन्माला आली. तीच आज आपल्या गल्लीत शाळकरी पोरांच्या, आणि डॉक्टरांनी साखरेची धास्ती घातलेल्या त्यांच्या वडिलांच्या, बुडाखाली आहे. तिच्यावर माणूस पुढे वाकतो आणि शरीराचा मोठा भाग तळहातांवर येऊन पडतो. डोंगर उतरणाऱ्याला ते सोयीचे, कारण तो सारखा उठतो, बसतो, हात हलवतो. आपण मात्र ऑफिसात बसावे तसे चार-चार तास एकाच जागी हात रोवून बसतो.

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले म्हणजे करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची. ती ज्या नसेची करामत, तीच नस पुढे मनगटाशी एका अरुंद बोळातून तळहातात शिरते. बोळाच्या एका बाजूला वाटाण्याएवढे एक हाड, दुसऱ्या बाजूला आकड्यासारखे वळलेले दुसरे. फेलिक्स गुयाँ नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ साली ह्या बोळाचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. गंमत अशी की, सरळ हँडलावर रेललो की तळहाताची नेमकी हीच बाहेरची, करंगळीखालची बाजू मुठीवर दाबली जाते. करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू आधी मुंग्यांनी भरते, मग बधिर होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले तर समजावे की मनगटाच्या मध्यातून जाणारी दुसरी नस दाबली जात आहे आणि मनगट फार वाकते आहे.

हे सारे मला माझ्या भाचीने सांगितले. ती नागपूरला फिजिओथेरपी शिकते. मी चंद्रपूरचा, आणि मला जुन्या देवळांतल्या मूर्तींच्या हातांची पेन्सिलीने रेखाटने करण्याचा छंद आहे. संपूर्ण मूर्ती नव्हे, फक्त हात. चित्र काढताना करंगळीची बाजू कागदावर टेकून सारा हात तिच्या आधाराने फिरतो. तीच बाजू बधिर झाली की रेघ थरथरते. गेल्या पावसाळ्यानंतर हे वारंवार होऊ लागले तेव्हा मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक कागद धरायला सांगितला आणि हळूच ओढला. कागद अलगद निसटला.

“मुंग्या येतात आणि जातात, ती एक गोष्ट,” डॉक्टर म्हणाले. “बोटांतली शक्ती जाते, ती दुसरी. सहा आठवडे बघू. सायकलवरची बैठक आणि मुठी बदलून पाहा. फरक पडला नाही तर सायकल बंद.”

सायकल बंद, किंवा पेन्सिल बंद. दोन्ही गोष्टी मला सारख्याच अप्रिय. डिसेंबरात मार्कंड्याला जाऊन तिथल्या मूर्तींचे हात काढायचे मी वर्षभर घोकत होतो, आणि जायचे ते सायकलनेच. भाची सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, “मामा, मग मार्कंड्याच्या वाटेवरच परीक्षा घेऊ. पण आधी मुठी तर निवडू.”

मुठी निवडणे हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. जटपुरा गेटाकडच्या ज्या मिस्त्रीकडे मी नेहमी जातो, त्याला मी विचारले, “मुठी दाखवता का चांगल्या?” तर तो घाईघाईने म्हणाला, “ग्रिप म्हणा जी भाऊ. मूठ म्हटलं तं लोक भलतंच समजतीन.” आमच्याकडे मूठ मारली जाते, हे मी विसरलोच होतो. पण मला मूठ हाच शब्द आवडतो. कुऱ्हाडीची मूठ, जात्याची मूठ, तलवारीची मूठ. माणसाच्या हाताचे माप ज्या वस्तूला दिलेले असते, तिला ह्याहून चांगले नाव नाही.

मिस्त्रीने काचेवर पाच-सहा जोड्या मांडल्या. गिऱ्हाईक सर्वांत आधी काय करते? अंगठ्याने दाबून पाहते. जी सर्वांत मऊ, ती सर्वांत चांगली! भाचीने मला तेच करू दिले नाही. मऊ स्पंजाची मूठ दुकानात गादीसारखी वाटते. पण रस्त्यावर तासाभरात ती भाराखाली इतकी चेपते की हाताला आतला लोखंडी दांडाच लागतो. शिवाय ती घाम पिते आणि उन्हाने भुरभुरते. जेल भरलेल्या मुठींचे दुखणे वेगळे. जेल दाबाखालून सरकून बाजूला जमते आणि जिथे आधार हवा तिथेच नेमका राहत नाही. मऊपणा हवा, पण चेपल्यावर पुन्हा उसळून येणारा. चांगल्या रबरात आणि सिलिकोनमध्ये तो असतो.

दुसरी बाब जाडीची. हँडलाच्या दांड्याचा टोकाकडचा व्यास सामान्यतः २२.२ मिलिमीटर असतो. मूठ चढवल्यावर तो तीस ते पस्तीसच्या दरम्यान जातो. ह्या चार-पाच मिलिमीटरांत सारा संसार आहे. मूठ फार बारीक असेल तर बोटे तिला आवळत राहतात आणि हाताचा कोपरापर्यंतचा भाग दुखू लागतो. फार जाड असेल तर बोटे पुरत नाहीत, मग निसटेल म्हणून माणूस आणखी आवळतो. पाहण्याची युक्ती सोपी: मूठ सैलसर धरावी, बोटांची टोके तळहाताच्या अंगठ्याखालच्या उंचवट्याजवळ आली पाहिजेत. त्यात रुतली तर मूठ बारीक, दोन बोटे अंतर राहिले तर जाड. म्हणूनच वडिलांच्या आणि बारा वर्षांच्या मुलीच्या सायकलीला एकाच मापाच्या मुठी बसवणे हे त्यांना एकाच मापाच्या चपला घेण्यासारखे आहे. आपल्याकडे दोन्ही गोष्टी चालतात, हा भाग निराळा.

तिसरी बाब आकाराची, आणि खरी मौज इथेच. साध्या मुठी गोल. पण अलीकडे ज्यांना ‘अर्गोनॉमिक’ म्हणतात त्या मुठींना बाहेरच्या टोकाला चपटा कान असतो. हत्तीच्या कानासारखा नव्हे, शंकरपाळ्याएवढा. तळहाताची बाहेरची बाजू ह्या कानावर टेकते आणि भार एका रेषेवर न पडता पसरतो, म्हणजे त्या बिचाऱ्या बोळावरचे ओझे हलके होते. जर्मनीतल्या एर्गोन ह्या कंपनीचे नाव ह्या प्रकारामुळेच जगभर झाले. त्या मुठींची किंमत ऐकून मात्र आमच्या मिस्त्रीने कपाळाला हात लावला. पण त्याच धर्तीच्या स्वस्त मुठी आता आपल्याकडे सहज मिळतात आणि त्यातल्या काही खरोखर बऱ्या असतात. मी घेतल्या त्या चौदाशे रुपयांच्या.

कानवाल्या मुठीत एक मेख आहे. कानाचा कोन चुकला तर ती साध्या मुठीपेक्षा वाईट. कान वर उचललेला राहिला की मनगट मागे मोडते आणि मधली नस दाबली जाते. फार खाली झुकला तर हात पुढे घसरतो. अशा मुठींच्या कडेला एक कडे आणि बारीक स्क्रू असतो. तो षटकोनी किल्लीने सैल करायचा, सायकलवर नेहमीसारखे बसायचे, कोपरे किंचित वाकवायची आणि कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक सरळ रेघ होईल इतपत मूठ फिरवून मग स्क्रू आवळायचा. हे काम दुकानात सायकल स्टँडवर असताना होत नाही. घरच्या कोणाला तरी सायकल धरून ठेवायला सांगावे आणि बाजूने पाहायला सांगावे. आमच्या घरी हे पुण्यकार्य सौभाग्यवतींनी केले आणि “अजून थोडं खाली, अजून थोडं वर” हे भिंतीवर तसबीर टांगतानाचे सूर त्यांनी ह्या कामीही लावले.

आणि एक गोष्ट, जी पालकांनी आजच्या आज तपासावी. मुलांच्या सायकलीच्या मुठीचे टोक फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर ती मूठ ताबडतोब बदलावी, निदान टोकाला बूच तरी ठोकावे. पडताना उघड्या नळीचे वर्तुळ पोटात किंवा मांडीत शिरून गंभीर इजा होते. पाच-दहा रुपयांच्या बुचाचा प्रश्न असतो.

शेवटी माझ्या भाचीने एक अचाट ठराव मांडला. डाव्या हाताला कानवाली मूठ, उजव्याला गोल सिलिकोनची. “रस्ता तोच, माणूस तोच, हात दोन. येताना अदलाबदल करू. याहून चांगली परीक्षा कोणती, मामा?” मिस्त्रीने ती बसवताना आजूबाजूला पाहून घेतले, कोणी ओळखीचे बघत नाही ना म्हणून. दोन्हींची जाडी जवळपास सारखी असल्यामुळे हँडल ओढल्यासारखे वाटले नाही, तरी असा प्रयोग इतरांनी करावा, असा माझा आग्रह नाही.

जाण्याआधी तिने सीटचे नाक किंचित वर केले. ते खाली झुकलेले असले की माणूस पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, मग सोन्याच्या मुठी बसवल्या तरी उपयोग नाही. टायरमधली हवाही थोडी कमी केली. रस्त्याचा पहिला धक्का टायरने खायचा, उरलेला मुठीने, आणि हाताला शिल्लक काही राहू नये, असा तिचा हिशेब.

चंद्रपूरहून मूलचा रस्ता धरला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. हा रस्ता जंगलातून जातो आणि ह्या जंगलाचे मालक पहाटे आणि संध्याकाळी फिरायला निघतात, तेव्हा सायकलस्वाराने त्यांच्या वेळा सांभाळाव्यात हे बरे. लोहारा मागे पडले की कोळशाच्या धुळीचे शहर संपते आणि दोन्ही बाजूंना साग, ऐन आणि बांबू. चिचपल्लीच्या अलीकडे-पलीकडे हवेत असा गारवा होता की बोटे थंडीने बधिर झाली की मुठीने, हे कळेना. भाचीने मला हातमोजे घालायला लावले आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलण्याची सक्त ताकीद दिली. मी विसरलो की मागून आरोळी येई, “मामा, हँडल धरा, त्याचा गळा धरू नका!”

मूलला पोहोचेपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर झाले होते. डाव्या हाताची तक्रार नव्हती. उजव्या करंगळीत मात्र अगदी सूक्ष्म अशी चाहूल लागली होती, कोणी दुरून हाक मारावी तशी. कानवाल्या मुठीचा पक्ष जिंकला, असे मी जाहीर करणार, तोच भाचीने डांबरी रस्ता सोडून एका पांदणीत सायकल घातली.

पांदण म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. शेताशेतांमधून जाणारी बैलबंड्यांची वाट. पावसाळ्यात चिखलात बंड्यांची चाके रुततात, हिवाळ्यात तो चिखल वाळून दगड होतो आणि चाकोऱ्या तशाच्या तशा गोठून राहतात. हा सारा भाग झाडीपट्टीचा. धानाची कापणी होऊन गेलेली, बांध्या रिकाम्या, खळ्यांवर तणसाचे ढीग, मध्येच एखादा मामा तलाव. हा कोणाचा मामा नव्हे, माजी मालगुजारी तलावाचे हे सुटसुटीत नाव आहे. तलावाच्या पाळीवरून वाट खाली उतरते ती एकदम. गावोगावच्या भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची भडक पोस्टरे. दिवाळीनंतर इथे रात्र-रात्र नाटके चालतात.

ह्या वाटेवर सीटवर बसून राहणे अशक्य. उभे राहायचे, गुडघे-कोपरे वाकवायचे आणि सायकलीला खाली नाचू द्यायचे. मरिनच्या पोरांनी डोंगरावर जे केले ते आम्ही धानाच्या बांध्यांत केले. आणि इथे निकाल फिरला. उभे राहून चाकोरी ओलांडताना मनगट पुढे-मागे वळवावे लागते. डाव्या हाताचा तो आधार देणारा कान आता आड येऊ लागला, जसा बसायला उत्तम असलेला आरामखुर्चीचा हात उठताना आड येतो. डावा अंगठा दुखू लागला. उजव्या हातातली गोल मूठ मात्र वळेल तशी वळत होती आणि तिचे जाड सिलिकोन दातांपर्यंत जाणारी थरथर बऱ्यापैकी गिळत होते. तासाभराच्या डांबरी रस्त्याने सुरू केलेली उजव्या करंगळीची कुरकुर पांदणीत चक्क थांबली, कारण हात एका जागी राहतच नव्हता.

पांदणीतून रस्त्याला लागताना धानाचे पोते लादून सायकल ढकलत चाललेले एक गृहस्थ भेटले.

“कोठं चालले जी?”

“मार्कंड्याले.”

“सायकलनं? काऊन, गाडी बिघडली का?”

त्यांच्या सायकलीच्या मुठी पाहून आम्ही दोघेही थांबलो. मूळच्या मुठी केव्हाच गेल्या होत्या. त्यांच्या जागी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या एकावर एक, किंचित तिरप्या, गुंडाळून दोन्ही टोकांना तारेने आवळल्या होत्या. मी परवानगी घेऊन धरून पाहिल्या. जाडी त्यांच्या हाताला बेतलेली, पट्ट्यांच्या कडांमुळे घामातही हात न सरकणारी, आणि दाबल्यावर उसळून येणारे रबर. बाहेरच्या टोकाला दोन वेढे जास्त होते, म्हणजे तळहाताची बाजू तिथे टेकावी. भाचीने माझ्याकडे पाहिले. चौदाशे रुपयांचा कान त्या गृहस्थांनी फुटक्या ट्यूबमधून काढला होता.

हरणघाटाच्या पुलावर वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा संपून गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ साली तो वेगळा होईपर्यंत दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात होते. मध्यप्रदेशात शिवनीकडे उगम पावलेली ही नदी इथे रुंद वाळूच्या पात्रातून निवांत चाललेली असते. पुढे वर्धेला मिळून तिची प्राणहिता होते आणि ती गोदावरीला जाते. चामोर्शीत चहा घेऊन आम्ही मार्कंड्याच्या नऊएक किलोमीटरांच्या रस्त्याला लागलो तेव्हा सारे मिळून ऐंशीच्या वर किलोमीटर झाले असावेत.

मार्कंड्याला वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. दक्षिणेला निघालेली नदी मध्येच मागे वळून पाहते, म्हणून तीर्थाचे माहात्म्य. महाशिवरात्रीला इथे फार मोठी जत्रा भरते, पण डिसेंबरच्या त्या दुपारी घाटावर चार बायका धुणे धूत होत्या आणि देवळांच्या आवारात आम्ही दोघे, एक पुजारी आणि पारवे. विदर्भाचे खजुराहो असे ह्या देवळांना म्हणतात. तुलना करायची सवय आपल्याला फार, पण मार्कंड्याला कोणाच्या आधाराची गरज नाही. सर अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला आणि त्याने ह्या देवळांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. अठराव्या शतकात वीज पडून मोठ्या देवळाच्या शिखराचा भाग मंडपावर कोसळला, असे सांगतात. मी गेलो तेव्हाही त्या देवळाच्या दुरुस्तीचे काम पुरे झालेले नव्हते. पण भिंतींवरच्या मूर्ती बघायला मिळाल्या आणि माझे काम त्यांच्याशीच होते.

मार्कंडेयाची कथा ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन आलेला हा मुलगा. यम आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि सोडली नाही. यमाचा पाश दोघांवर पडला आणि पुढे काय झाले ते शंकराने पाहून घेतले. घट्ट धरण्याचा एवढा मोठा पराक्रम जिथे घडला, त्या जागी मी सैल धरण्याचे धडे घेत आलो होतो. भाचीला हे सांगितले तर ती म्हणाली, “त्याला ऐंशी किलोमीटर जायचं नव्हतं, मामा.”

मी वही उघडली. देवळाच्या बाहेरच्या अंगावर देवता, सुरसुंदरी, युगुले ह्यांच्या ओळींमागून ओळी. आणि त्यांचे हात! कोणाचा हात केसांत, कोणाचा कमरेवर, कोणाचा नुसताच लोंबता. एका स्त्रीमूर्तीची बोटे उमलल्यासारखी होती आणि करंगळी किंचित बाजूला, स्वतंत्र. उजवा हात कागदावर टेकवला. मुंग्या नव्हत्या असे नाही, पण पंधरा मिनिटांत त्या गेल्या. एरवी तास तास लागत असे. करंगळीची बाजू कागदाला लागली हे मला जाणवत होते, ही साधी गोष्ट, पण दोन महिन्यांत सायकलवरून उतरल्या दिवशी ती मला मिळाली नव्हती. ऊन उतरेपर्यंत मी सात हात काढले. भाचीने मधूनमधून माझ्या बोटांच्या बेचक्यात कागद धरून ओढण्याचा चाळा चालवला होता. पुजारीबुवांना तो कसला विधी आहे हे कळेना.

संध्याकाळी मुक्कामी मुठींची अदलाबदल करायची होती. कानवाली मूठ स्क्रू सैल करून क्षणात निघाली. सिलिकोनची मात्र दांड्याला जळूसारखी चिकटलेली. ह्या मुठींना कडे नसते. नुसत्या घर्षणावर त्या बसतात आणि काढताना रडवतात. ओढून फाटण्याची भीती. आमची धडपड पाहायला पाच-सात मंडळी जमली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबाने विचारले, “एक हात असा न् एक तसा, काऊन जी?” भाचीने त्याला नसेपासून बोळापर्यंत सारे समजावून सांगितले. बाबाने लक्षपूर्वक ऐकले, घरात गेला आणि बांबूची एक पातळ, घोटून गुळगुळीत केलेली कमची घेऊन आला. साबणाच्या पाण्यात बुडवून ती त्याने मूठ आणि दांडा ह्यांच्यामध्ये सारली, एक फेरी फिरवली आणि मूठ अलगद हातात काढून दिली. सिलिकोनवर ओरखडासुद्धा नाही. ती कमची मी मागून घेतली. आता ती माझ्या हत्यारांच्या पिशवीत असते.

परतीच्या वाटेचा वृत्तांत थोडक्यात. उजव्या हाताला कानवाली मूठ आल्यावर डांबरी रस्त्यावर तो शांत राहिला, आणि आता डावी करंगळी बोलू लागली. पांदणीत नेमके उलटे. म्हणजे दोष हातांचा नव्हता आणि योगायोगही नव्हता. ज्यांना लांब, सपाट रस्त्याने बसून जायचे आहे त्यांनी कानवाल्या मुठी घ्याव्यात, कोन नीट लावून. ज्यांना उभे राहून डोंगर किंवा पांदण उतरायची आहे त्यांनी आपल्या हाताच्या मापाच्या, बऱ्यापैकी जाड गोल मुठी. दोन्ही करायचे असेल, आणि आमच्यासारख्यांचे असेच असते, तर आखूड कानाच्या मुठी मिळतात. सध्या माझ्या हँडलवर त्या आहेत, दोन्ही बाजूंना सारख्या, त्यामुळे मिस्त्री पुन्हा माझ्याशी चारचौघांत बोलतो. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी कागद ओढला तेव्हा तो मधोमध फाटला. ज्यांचा कागद असा फाटत नाही, किंवा ज्यांच्या मुंग्या सायकल बंद ठेवूनही जात नाहीत, त्यांनी मुठींच्या दुकानात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

मार्कंड्याचे सातच हात वहीत आले आहेत. ज्या हाताची करंगळी स्वतंत्र आहे तो अर्धाच राहिला, कारण पारव्यांनी ऐन वेळी गोंधळ घातला. शिवरात्रीच्या गर्दीत चित्र काढणे शक्य नाही, म्हणून थंडी सरण्यापूर्वी पुन्हा जायचे आहे. ह्या वेळी परतताना चपराळ्यापर्यंत, जिथे वर्धा वैनगंगेला मिळते, तिथवर जाऊन यावे असा माझा बेत आहे. भाचीने होकार दिला आहे, मात्र तिचे म्हणणे असे की, त्याआधी सीटचा विषय एकदा हातात घेतला पाहिजे.